देवबाग-तारकर्लीच्या चिंचोळ्या पट्टीवर पाण्यातले खेळ: दिवस कसे आखावेत?

प्रश्न: सांगलीची प्रवासी

सप्रेम नमस्कार.

पौष पौर्णिमेला लागून आलेल्या सुटीत शनिवारी निघून मंगळवारी परतायचे, अशा बेताने आम्ही सहा जण मालवण तालुक्यातील तारकर्ली आणि देवबाग येथे जाण्याचे ठरवत आहोत. घरातले सगळे बरोबर आहेत. सासरे सत्तरीच्या पुढचे असले तरी चालायला खणखणीत आहेत, सासूबाईंचे गुडघे मात्र दुखतात. मुलगी चौदा वर्षांची असून तिला उत्तम पोहता येते. मुलगा नऊ वर्षांचा आहे आणि त्याने स्कूबाचा, म्हणजे पाठीला हवेची टाकी लावून पाण्याखाली उतरण्याचा, ध्यास घेतला आहे. यजमानांना लहानपणापासून दम्याचा त्रास होता, परंतु गेली काही वर्षे औषध घ्यावे लागलेले नाही. मला स्वतःला पोहता येत नाही, पण पाण्याची भीतीही वाटत नाही.

एका पर्यटन व्यावसायिकाने डॉल्फिन दर्शन, त्सुनामी बेट, जेट स्की, बनाना राइड, पॅरासेलिंग आणि स्कूबा असा सारा कार्यक्रम सोमवारी एकाच दिवशी, सकाळी दहा ते दुपारी तीन या वेळेत बसवून दिला आहे. त्यातील काही राहिल्यास मंगळवारी सकाळी स्कूबा उरकून आंबोली घाटाने परत जाता येईल, असेही त्याचे म्हणणे आहे. दर परवडणारा आहे. तरीही इतके सगळे एका दमात केल्यास ज्याच्यासाठी जायचे तो आनंदच हाती लागणार नाही, अशी शंका येते. खेळांचा क्रम कसा असावा, मुक्काम समुद्राच्या बाजूला करावा की नदीच्या, आणि मुलाच्या स्कूबाचे काय करावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर: मालवणचा रहिवासी

नमस्कार ताई. आपली शंका रास्त आहे. इथल्या पाण्याला स्वतःचे वेळापत्रक असते आणि दहा ते तीन ही वेळ त्यात सहसा बसत नाही.

आधी जागा समजून घ्यावी. मालवणहून दक्षिणेकडे निघाले की तारकर्ली लागते आणि तिथून पुढे जमीन अरुंद होत होत देवबागच्या टोकाला संपते. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्ली नदी आणि मध्ये ही वाळूची लांबट पट्टी, अशी रचना आहे. काही ठिकाणी रस्ता, त्याच्या दोन्ही अंगांना घरे आणि थोडे माड, एवढेच काय ते तिच्या रुंदीत मावते. टोकाशी नदी समुद्राला मिळते आणि पलीकडे वेंगुर्ले तालुक्यातील भोगव्याची पुळण दिसते. याच संगमाजवळ वाळूचा तो उंचवटा आहे, ज्याला सारे त्सुनामी बेट म्हणतात. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला, असे इथले लोक सांगतात. ओहोटीला तो उघडा पडतो आणि भरतीला पाण्याखाली जातो.

यामुळेच तिथी पाहणे आवश्यक ठरते. कोकणात भरतीचा जुना हिशेब तिथीच्या पाऊणपटीचा आहे. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, तर अष्टमीला सहाच्या सुमारास. त्यापासून सहा तास मागे-पुढे ओहोटी येते. हा हिशेब ढोबळ आहे आणि नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यातच पाहावी, परंतु दिवस ठरवण्यापुरता तो पुरेसा उपयोगी पडतो. पौर्णिमेला भरती अकरा-साडेअकराच्या सुमारास येते, म्हणजे आपल्या व्यावसायिकाने ठरवलेल्या वेळेत बेट पाण्याखालीच असेल. शिवाय ती उधाणाची भरती असल्याने पाण्याची चढउतार मोठी आणि संगमावरची ओढही जबरदस्त असते.

आपल्याला शक्य असेल तर बेत चार दिवस पुढे ढकलावा. वद्य चतुर्थीच्या सुमारास ओहोटी सकाळी नऊच्या आसपास येते. त्या वेळी बेट उघडे असते आणि वाराही पडलेला असतो. हिवाळ्यात रात्रभर जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, सकाळी ते मंदावतात आणि ऊन तापल्यावर समुद्राकडून खारे वारे सुरू होतात. दुपारी एक-दोननंतर पाण्यावर छोट्या छोट्या लाटा उठू लागतात. त्या लाटांत जेट स्की आणि बनाना राइड तरुणांना आवडतील, परंतु लहान मुलाला आणि पोहता न येणाऱ्या माणसाला पहिल्यांदा पाण्यात उतरायचे असेल तर सकाळचे आरशासारखे पाणी कधीही चांगले. पॅरासेलिंगलाही एकसारखा सौम्य वारा लागतो. वारा झटक्यांनी येऊ लागला असेल तर पैसे भरलेले असले तरी नको म्हणावे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. संगमावर होडीतून जावे, बेटावर उभे राहावे, पण पोहायला उतरू नये. ओहोटी लागली की कर्लीचे सारे पाणी त्या अरुंद मुखातून बाहेर पडू लागते आणि गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पायाखालची वाळू दोन पावलांवर एकदम खोल जाते. समुद्रस्नानासाठी तारकर्लीची पुळण निवडावी आणि तिथेही आधी पाच मिनिटे काठावर उभे राहून लाटा पाहाव्यात. दोन्ही बाजूंना लाटा फुटत आहेत, फेस येत आहे आणि मध्येच एका पट्ट्यात पाणी शांत व गडद दिसत आहे, तर ती जागा टाळावी. तिथून पाणी आत परत जात असते आणि माणसाला आपल्याबरोबर ओढून नेते. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. किनाऱ्याला समांतर सरकत राहावे आणि ओढ सुटल्यावर बाहेर यावे. सकाळच्या मतलई वाऱ्यात मुलाला हवेने फुगवलेल्या रिंगवर तरंगू देऊ नये. वारा समुद्राकडे वाहत असल्यामुळे ती रिंग कुणाच्या लक्षात येईपर्यंत दूर गेलेली असते.

मुक्काम नदीच्या बाजूला करावा, असे माझे मत आहे. वडीलधाऱ्यांना कर्लीच्या संथ पाण्यातून होडीने फिरता येईल, मुलांना कयाक वल्हवता येईल आणि समुद्र हवा असेल तेव्हा रस्ता ओलांडला की तो समोरच आहे. देवबागच्या समुद्राच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचे दगड रचलेले आहेत. पावसाळ्यात लाटा घरांच्या परड्यापर्यंत येतात, म्हणून ते दगड आहेत. छायाचित्रासाठी त्यांवर चढू नये, ते निसरडे असतात.

उत्तर: हौशी पाणबुडा, पुणे

वरील उत्तर अतिशय उपयुक्त आहे. मी फक्त स्कूबाविषयी लिहितो, कारण आपल्या प्रश्नातील दोन गोष्टींकडे तातडीने लक्ष वेधणे गरजेचे वाटते.

पहिली गोष्ट घाटाची. स्कूबा करताना दाबाखालची हवा श्वासातून घेतली जाते आणि तिच्यातील नायट्रोजन रक्तात व ऊतींमध्ये विरघळतो. वर आल्यानंतर तो हळूहळू बाहेर पडतो. तो बाहेर पडण्याआधीच माणूस उंचावर गेला तर बाहेरचा दाब कमी झाल्यामुळे त्याचे बुडबुडे होण्याची शक्यता असते. म्हणूनच एका साध्या बुडीनंतर किमान बारा तास आणि अनेक बुड्या घेतल्या असतील तर किमान अठरा तास विमानप्रवास करू नये, असा संकेत आहे. सहाशे मीटरच्या वर रस्त्याने चढतानाही तोच संकेत पाळला जातो आणि आंबोली त्याहून उंच आहे. मालवणला पर्यटकांना नेतात ती खोली फार नसते, त्यामुळे धोका कमी असतो हे खरे, परंतु मंगळवारी सकाळी स्कूबा करून दुपारी घाट चढण्याचे काही कारणच नाही. स्कूबा रविवारी करावा. चिपीच्या विमानतळावरून परतणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट यजमानांच्या दम्याची. वर येताना फुप्फुसातील हवा प्रसरण पावते. श्वासनलिका आकुंचन पावलेली असेल तर ती हवा अडकते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. औषध बंद होऊन वर्षे झाली असली तरी छातीच्या तज्ज्ञाकडून तपासणी करून लेखी संमती घेतल्याशिवाय त्यांनी टाकी पाठीला लावू नये. किनाऱ्यावर जो अर्ज भरायला देतात, त्यात दम्याचा रकाना असतो. त्यावर घाईने ‘नाही’ अशी खूण करून घेणारे लोक भेटतात, तेव्हा तिथून उठून यावे. गर्भारपण, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया आणि त्या दिवशीची साधी सर्दी या बाबतीतही हेच समजावे.

आता मुलाविषयी. बहुतेक मान्यताप्राप्त संस्थांमध्ये समुद्रातील स्कूबासाठी किमान वय दहा वर्षे आहे. नऊ वर्षांच्या मुलाला कुणी नेण्यास तयार झाले तरी आपण नकार द्यावा. त्याला मुखवटा आणि श्वासनळी लावून पृष्ठभागावर तरंगत स्नॉर्केलिंग करू द्यावे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील उथळ खडकांवर त्यालाही प्रवाळ आणि रंगीत मासे दिसतील. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र असून तिथे प्रशिक्षणाचा तलाव आहे. मुलीला पुढे रीतसर शिकण्याची इच्छा असेल तर तिथे चौकशी करावी.

पाण्याखालचा अनुभव बिघडतो तो बहुधा कानांमुळे. दर दहा मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो, पण कानाला सर्वाधिक जाणीव होते ती पहिल्या तीन-चार मीटरमध्येच. नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानाकडे ढकलावी आणि हे दुखू लागण्याच्या आधी, दर अर्ध्या-पाऊण मीटरला करावे. दुखल्यावर जोर लावू नये. थोडे वर येऊन पुन्हा प्रयत्न करावा. श्वास कधीही रोखून धरू नये. खुणा नीट शिकून घ्याव्यात, कारण पाण्याखाली वर केलेला अंगठा म्हणजे ‘मला वर न्या’ असा अर्थ होतो. अनेक जण आनंदाने अंगठा दाखवतात आणि मार्गदर्शक त्यांना तत्काळ वर आणतो. सारे ठीक आहे असे सांगायचे असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून वर्तुळ करावे. मुखवट्याच्या काचेला आतून थुंकी चोळून ती खळबळून घेतली की काच धुरकट होत नाही. दाट मिशी असेल तर नाकाखालून पाणी झिरपते, तिथे थोडे व्हॅसलीन लावावे. चष्मा पाण्याखाली घालता येत नाही, म्हणून नंबर मोठा असल्यास नंबराचा मुखवटा मिळेल का, हे आधी विचारावे.

वेळेविषयी एवढेच की किल्ल्याजवळचे पाणी चढत्या भरतीला अधिक स्वच्छ असते. ओहोटीबरोबर खाडीचा गाळ बाहेर येतो आणि सारे धूसर होते. वद्य चतुर्थीला गेलात तर सकाळी साडेनऊपासून दुपारपर्यंतचा काळ उत्तम आहे.

हा सारा परिसर १९८७ साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याचा भाग आहे. त्याचे क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर असून किल्ल्याभोवतीचे खडक त्याच्या गाभा क्षेत्रात येतात. प्रवाळ म्हणजे जिवंत प्राण्यांची वसाहत. तिच्यावर पाय ठेवला, हाताने आधार घेतला की ती मोडते आणि मोडलेली जागा भरून यायला वर्षे लागतात. छायाचित्रासाठी मासे जमावेत म्हणून पाव किंवा बिस्किटे टाकण्याची पद्धत पाहून मला फार वाईट वाटते. आपण स्पष्टपणे सांगावे की आमच्यासाठी तसे करू नका. ऐकणारे तांडेल (होडी चालवणारे) आणि मार्गदर्शक पुष्कळ आहेत.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद: सांगलीची प्रवासी

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. यजमानांनी स्वतःहूनच स्कूबाचा विचार सोडला असून ते मुलाबरोबर स्नॉर्केलिंग करणार आहेत. सुट्यांची अदलाबदल करून बेत वद्य तृतीयेपासून पुढे ठेवता येतो, असे कार्यालयातून कळले. आता सासू-सासऱ्यांच्या दृष्टीने काय करता येईल, तेही कुणी सांगावे. आम्ही पाण्यात आणि ते खोलीत, असे होऊ नये, एवढीच इच्छा आहे. शिवाय माझी नाशिकची बहीण मेच्या शेवटच्या आठवड्यात हाच प्रवास करू पाहते. तो काळ योग्य आहे का?

उत्तर: निवृत्त शिक्षिका, कुडाळ

ताई, आपण रेल्वेने नव्हे तर मोटारीने येत आहात, त्यामुळे वडीलधाऱ्यांची सोय आपल्या हातात राहील, हे चांगले झाले.

सासऱ्यांना सिंधुदुर्ग किल्ला अवश्य दाखवावा. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी त्याचा पाया घातला आणि सुमारे तीन वर्षांत तो उभा राहिला. मालवणच्या धक्क्यावरून होडीने तिथे पोहोचायला फार वेळ लागत नाही. खाऱ्या पाण्याच्या मधोमध असूनही दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचे पाणी गोडे आहे, आणि राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर आत आहे. सासूबाईंच्या बाबतीत मात्र विचार करावा. होडीत चढणे-उतरणे हाच त्यातला कठीण भाग आहे. होडी वरखाली होत असते आणि पाऊल नेमके टाकावे लागते. त्यांना झेपणार नसेल तर कर्लीतील सफरीसाठी फळीवरून सरळ आत जाता येईल अशी होडी आणि पाठ टेकायला खुर्ची मागून घ्यावी. नदीच्या काठची कांदळवने, त्यांच्या मुळांशी टपून बसलेले बगळे आणि डोक्यावरून फिरणाऱ्या घारी पाहण्यात दोन तास कसे गेले ते कळत नाही. सकाळच्या पहिल्या होडीने संगमाबाहेर गेल्यास कुबड असलेले डॉल्फिन दिसण्याची शक्यता असते. तांडेलाला इंजिन बंद करून थांबायला सांगावे. पाठलाग करणाऱ्या होड्यांपासून ते लांब जातात आणि थांबलेल्या होडीजवळ कित्येकदा आपण होऊन येतात.

सगळ्यांना एकत्र आनंद घेता येईल अशी गोष्ट म्हणजे रापण. होडीने समुद्रात अर्धवर्तुळ करत जाळे टाकतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून दोन रांगांनी ओढतात. ओढणाऱ्यांत म्हातारे, तरुण, बायका सगळे असतात. जाळे जवळ येऊ लागले की दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात, दोराला चिकटलेले पाणी टपटपते आणि शेवटच्या काही हातांत वाळूवर चांदीसारखी मासळी उसळू लागते. रापणकरांची परवानगी घेतली तर मुलांनाही दोराला हात लावता येतो. तो त्यांचा रोजचा व्यवसाय आहे, म्हणून वाटेत उभे राहून छायाचित्रे काढू नयेत. मासळी विकत घ्यायची असल्यास वाटणी झाल्यानंतर विचारावे.

जानेवारी हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचाही काळ आहे. सिंधुदुर्गात तांबळडेग, वायंगणी अशा किनाऱ्यांवर गावकरी त्यांची घरटी राखतात. रात्री पुळणीवर फिरायला गेलात तर टॉर्चचा झोत पाण्याच्या दिशेने टाकू नये. वर येणारी मादी उजेड पाहून परत फिरते.

उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नयेत, वाळूवरून घासत न्यावेत. वाळूत दडलेले पाकट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) त्यामुळे आधीच निघून जाते. तरीही काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवावा आणि लगेच डॉक्टरांकडे जावे. जेलीफिश लागल्यास ती जागा समुद्राच्याच पाण्याने धुवावी, गोड्या पाण्याने नव्हे, आणि चोळू नये.

जेवणाची चिंता आपल्याला करावी लागणार नाही. स्कूबाच्या सकाळी मात्र पोटभर आंबोळ्या खाऊन होडीत बसू नये.

उत्तर: मालवणचा रहिवासी

ताई, तृतीयेचा बेत उत्तम. पहिल्या सकाळी बेट आणि यंत्रावरचे खेळ, दुसऱ्या सकाळी मालवणला स्कूबा, स्नॉर्केलिंग आणि त्याला जोडून किल्ला, तिसरी सकाळ रापण आणि कर्लीसाठी मोकळी, असे ठेवावे. दुपारी माडांच्या सावलीत झोपावे. बनाना राइडमध्ये बसायचा केळ्याच्या आकाराचा फुगा शेवटी मुद्दाम उलटवतात. आपल्याला पोहता येत नसल्याने आणि मुलगा लहान असल्याने, आम्हाला उलटवू नका असे बसण्यापूर्वीच सांगावे. ते मान्य करतात. लाइफ जॅकेट मापाचे आहे का हे खांद्याकडून वर ओढून पाहावे. ते हनुवटीपर्यंत सरकत असेल तर दुसरे मागावे आणि मुलासाठी लहान मापाचे आधीच राखून ठेवायला सांगावे. होडीवर महाराष्ट्र सागरी मंडळाच्या नोंदणीचा क्रमांक आणि प्रवासी क्षमता लिहिलेली असते. माणसे मोजावीत आणि जास्त असतील तर दुसऱ्या होडीची वाट पाहावी.

आपल्या बहिणीने मात्र मेचा शेवटचा आठवडा टाळावा. पाऊस सुरू होण्याच्या कितीतरी आधी दूरच्या वाऱ्यांनी उठलेल्या लाटा इथे पोहोचू लागतात आणि आकाश निरभ्र असतानाही समुद्र जड झालेला असतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी होडी बुडून दोन पर्यटकांचा मृत्यू झाला, तो याच दिवसांत. मेच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत जलक्रीडा आणि किल्ल्याची प्रवासी वाहतूक बंद ठेवली जाते, त्यामुळे आगाऊ पैसे भरूनही त्यांना काठावरूनच परत जावे लागेल. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र हळूहळू निवळू लागतो, तरी नद्यांचा गाळ बसून पाणी नितळ व्हायला दिवाळी उजाडते. शाळेच्या सुट्यांमुळे त्यांना उन्हाळ्यातच यायचे असेल तर एप्रिलचा उत्तरार्ध ठरवावा. ऊन कडक असेल, म्हणून खेळ सकाळी साडेदहापूर्वी संपवावेत आणि तिथी मला कळवावी, म्हणजे ओहोटीची वेळ पाहून सांगता येईल.